आधी वेळ, मग हात, मग यंत्र

(आपल्या मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत कोडोली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा आरोग्यावर बोलण्याची जबाबदारी कार्यकारिणीने आमच्यावर टाकली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. परंतु गेल्या काही वर्षांत एका आजाराने आमच्याच घराचा उंबरा ओलांडला. त्याच आजारापायी सोनेतारणासाठी तराजूत पडलेली बोरमाळही आम्ही पाहिली. त्यातून जे शिकलो, ते आपल्या माणसांना सांगितले नाही तर त्या शिकण्याला अर्थ नाही, असे वाटले म्हणून उभे आहोत.

आजार आहे गुदाशयाचा कर्करोग. आणि प्रश्न असा, की त्याचे ऑपरेशन दुर्बिणीने, म्हणजे लॅप्रोस्कोपीने करावे, की रोबोटने? विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेत कोणी हसले, ते आम्ही पाहिले. हसू द्या. या आजाराची खरी गोष्ट त्या हसण्यापासूनच सुरू होते.

विनयपिटकाच्या महावग्गात मगधराज बिंबिसाराची हकीकत आहे. राजाला भगंदर झाला होता. वस्त्रांना रक्ताचे डाग पडत आणि राण्या त्याची थट्टा करीत. राजा ओशाळला. परंतु त्याने ते मनात ठेवले नाही, आपला पुत्र अभय याला सांगितले. अभयाने तरुण वैद्य जीवकाला पाठविले, जीवकाने मलम लावले आणि राजा बरा झाला. भगंदर म्हणजे कर्करोग नव्हे, हे खरे. पण जागा तीच, रक्त तेच आणि लाजही तीच. एवढ्या मोठ्या राजाने लाज बाजूला ठेवली म्हणून त्याला वैद्य मिळाला.

आमच्या थोरल्या बंधूंनी ती लाज बाजूला ठेवली नाही. दादा गवंडीकाम करतात. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांना शौचाच्या वेळी रक्त पडू लागले. वय ५२. त्यांनी आपणच ठरविले, की ही मूळव्याध. कोणी जडीबुटी दिली, कोणी ताक प्यायला सांगितले, कोणी पथ्य सांगितले. आमच्या वहिनींनासुद्धा त्यांनी पाच महिने पत्ता लागू दिला नाही. शौचाला जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटेना, वजन उतरले, परातीतला माल उचलताना धाप लागू लागली, तेव्हा कुठे आठव्या महिन्यात ते डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासले आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा बदलला. मित्रहो, या आजारातले पहिले उपकरण दुर्बीणही नाही आणि रोबोटही नाही. ते डॉक्टरांचे बोट. त्याला खर्च नाही. आमच्या दादांना ते बोट मिळायला आठ महिने लागले.

हा म्हातारपणाचा रोग आहे, असेही समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. म्हणजे घर चालविणारे वय. त्या वयाचे किती तरी बांधव या सभागृहात बसले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठ्या आतड्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. वीतभरही नाही. पण तो बसला आहे कमरेच्या हाडांच्या अरुंद कोठीत. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट आणि स्त्रियांत गर्भाशय. दोन्ही बाजूंना लघवीचे आणि वैवाहिक सुखाचे नियंत्रण करणाऱ्या बारीक नसा. खाली शौच रोखून धरणारे स्नायू. एवढ्याशा जागेतून गाठ अशी काढायची, की रोग मागे राहू नये आणि आजूबाजूचे काही तुटू नये. पुरुषाची ही कोठी बाईपेक्षा अरुंद असते, म्हणून तिथे काम अधिक कठीण.

याच महावग्गात दुसरी एक हकीकत आहे. राजगृहात आकासगोत्त नावाच्या वैद्याने एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालविले आणि वर भगवंतांसमोर त्या जखमेची थट्टा केली. भगवंतांना ते रुचले नाही. त्या जागेची त्वचा नाजूक, जखम भरायला कठीण आणि शस्त्र नीट चालविणेही कठीण, अशी कारणे देऊन त्यांनी भिक्खूंसाठी त्या जागी व तिच्याभोवती दोन बोटांच्या अंतरात शस्त्र लावण्यास मनाई केली. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही अडचण आज संपलेली नाही. लॅप्रोस्कोपी आणि रोबोट हा सारा वाद त्याच एका अडचणीवर उभा आहे: या अरुंद जागेत शस्त्र नीट चालवायचे कसे?

त्यासाठी माणसाने केलेला प्रवास थोडक्यात सांगतो. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय समूळ काढण्याची पद्धत मांडली. माणूस वाचू लागला, पण शौचाचा मार्ग पोटावर काढून कायमची पिशवी लावावी लागे. पुढे १९८२ साली इंग्लंडमधील बेझिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी दाखवून दिले, की गुदाशयाभोवतीची चरबी तिच्या पातळ वेष्टनासकट अखंड काढली, तर रोग त्याच जागी पुन्हा उगवण्याचे प्रमाण खूप कमी होते. भुईमुगाचा दाणा लाल सालीसकट निघावा, साल कुठे फाटू नये, तसे हे काम. आजही पोट उघडून करा, दुर्बिणीने करा की रोबोटने करा, पोटाच्या आत करायचे असते ते हेच. फरक फक्त तिथवर हात कसा पोहोचतो याचा.

लॅप्रोस्कोपीत पोटाला चार-पाच छोटी छिद्रे पाडतात, आत वायू भरून जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारे घालतात. या विद्येशी आपल्या महाराष्ट्राचे नाते जुने आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ साली पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली आणि १९९० साली तिथेच दुर्बिणीने पित्ताशय काढले. जे. जे. हे गोरगरिबांचे रुग्णालय. पोट कमी कापले म्हणजे माणूस लवकर उठतो. हातावर पोट असलेल्याला याचे मोल साहेबापेक्षा जास्त, कारण त्याचा प्रत्येक खाडा म्हणजे चुलीवरचा खाडा. डॉ. उदवाडिया २०२३ साली निवर्तले. त्यांची आठवण आपण ठेवली पाहिजे.

मात्र लॅप्रोस्कोपीची हत्यारे सरळ असतात. मनगटासारखी वळत नाहीत. हात डावीकडे नेला की आतले टोक उजवीकडे जाते. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असतो आणि चित्र बहुधा सपाट दिसते. अरुंद तोंडाच्या मडक्यातून दोन सरळ काड्यांनी काही सोडवून काढायचा प्रयत्न घरी करून पाहा, म्हणजे सर्जनची अडचण कळेल. सरावाने ती पार करणारे अनेक सर्जन आहेत, आणि त्यांच्या हाताला आमचा नमस्कार.

रोबोट म्हटले की सिनेमातला चालता-बोलता यंत्रमानव डोळ्यांपुढे येतो. तसे काही नाही. हे यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. पोटावर छिद्रे तशीच पडतात, पण हत्यारे यंत्राच्या हातांना जोडलेली असतात आणि सर्जन काही फुटांवर वेगळ्या आसनावर बसून ते हात चालवितो. हत्याराचे टोक मनगटासारखे वळते, चित्र खोली दाखविणारे दिसते, कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात असतो आणि हाताचा कंप आत पोहोचत नाही. उणी बाजू अशी, की बहुतेक यंत्रांत आतला स्पर्श सर्जनच्या हाताला कळत नाही, तयारीला वेळ लागतो आणि खर्च मोठा. अमेरिकेतील इंट्युइटिव्ह सर्जिकल या कंपनीच्या 'दा विंची' यंत्राला २००० साली तिथल्या सरकारची मान्यता मिळाली. टाटा मेमोरियलमध्ये रोबोट २०१४ साली आला. यंत्राची किंमत कोटींत असते आणि त्याची हत्यारे ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात. तो सारा हिशेब शेवटी कोणाच्या तरी बिलात उतरतो.

मग यातले श्रेष्ठ कोणते? केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी काय शिकविले ते आपण जाणतो. कोणी थोर माणूस सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, पडताळून पाहा. जाहिरातीलाही तोच नियम लावू. सुदैवाने या प्रश्नाचा पडताळा डॉक्टरांनी स्वतःच घेतला आहे. रुग्णांची संमती घेऊन, कोणाला कोणती पद्धत मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, दोन्ही गटांची तुलना केली आहे.

आधी लॅप्रोस्कोपी आणि पोट उघडून केलेले ऑपरेशन यांची तुलना पाहू. आठ देशांतील एक हजारांहून अधिक रुग्णांचा निष्कर्ष २०१५ साली आला. तीन वर्षांनंतर रोग त्याच भागात परत आलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शंभरात ५. म्हणजे या पाहणीपुरते, दुर्बिणीने केले म्हणून रोग मागे राहिला असे घडले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील दोन पाहण्यांनी मात्र काढलेला भाग तपासून थोडी शंका नोंदविली, हेही सांगितले पाहिजे.

पुढची तुलना रोबोट आणि लॅप्रोस्कोपीची. १० देशांतील ४७१ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मध्येच पद्धत सोडून पोट उघडावे लागले असे रुग्ण लॅप्रोस्कोपीत शंभरात सुमारे १२ आणि रोबोटमध्ये सुमारे ८. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान, असा निर्वाळा त्यांनी दिला. रोबोटला वेळ अर्ध्या तासाहून अधिक लागला आणि खर्च सरासरी सुमारे ९८० पौंडांनी वाढला. त्या पाहणीतील बऱ्याच सर्जनांचा हात लॅप्रोस्कोपीत जास्त बसलेला होता, रोबोटवर कमी. हे रोबोटच्या बाजूने लक्षात ठेवावे.

तिसरी पाहणी चीनमधली, ११ रुग्णालयांतली. गाठ गुदाशयाच्या मधल्या किंवा खालच्या भागात असलेले बाराशेच्या आसपास रुग्ण. २०२२ साली पहिले निष्कर्ष आले. काढलेल्या भागाच्या कडेशी रोग सापडला असे रुग्ण लॅप्रोस्कोपीत शंभरात सुमारे ७, रोबोटमध्ये ४. ऑपरेशननंतरच्या तक्रारीही रोबोटच्या गटात कमी. २०२५ साली तीन वर्षांनंतरचा हिशेब आला. रोग त्याच भागात परत आला तो लॅप्रोस्कोपीत शंभरात ४, रोबोटमध्ये दोनाहूनही कमी. मात्र किती माणसे जिवंत राहिली, यात तोवर ठाम फरक दिसला नाही. दोन्ही गटांत शंभरात नव्वदांहून अधिक जिवंत होती.

बँकेत बसणारा माणूस म्हणून आम्ही या आकड्यांकडे असे पाहतो. गाठ खाली आहे, कोठी अरुंद आहे, सर्जन रोबोटवर मुरलेला आहे आणि खर्च झेपणारा आहे, अशा ठिकाणी रोबोटचा थोडा पण खरा फायदा आहे. तो नाकारणे म्हणजे आंधळेपणा. यंत्राला नावे ठेवायला आम्ही उभे नाही. परंतु तो शंभरात दोन-तीन माणसांचा फरक आहे, आणि तोही मुरलेल्या हातांत. जो सर्जन वर्षानुवर्षे लॅप्रोस्कोपी उत्तम करतो, त्याला सोडून रोबोटवर नुकत्याच बसलेल्याकडे जाण्यात शहाणपण नाही. थापी उंची असली म्हणून भिंत ओळंब्यात येत नाही, हे आमचे दादाच सांगतात.

आता दादांचे पुढे काय झाले ते सांगतो. एका मोठ्या शहरातील दवाखान्यात, तपासण्या पुऱ्या होण्याच्या आतच, तिथल्या समुपदेशकाने सांगितले, की रोबोटने करा म्हणजे पिशवी टळेल. आणि काही लाखांचा आकडा कागदावर लिहून दिला. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. आमच्याकडे वीस गुंठे जमीन आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या, तेव्हा आमच्या पणजोबांच्या नावावर आलेली ती जमीन. वेठबिगारीतून सुटल्याची आमच्या घरात तेवढीच एक खूण. आई म्हणाली, "इका. जमीन राहिली आणि माझा लेक गेला तर ती कुणासाठी?" वहिनींनी बोरमाळ काढून समोर ठेवली. लोकांच्या सोन्याच्या पावत्या लिहिणाऱ्या आमच्या हाताला ती उचलवेना.

सुदैवाने ओळखीच्या एका डॉक्टरांनी दुसरा सल्ला घ्यायला लावले. शासकीय योजनेतल्या एका रुग्णालयातील सर्जनने एमआरआय काढून घेतला, चित्र पडद्यावर लावले आणि दादांना समोर बसवून समजावले. गाठ शौच रोखणाऱ्या स्नायूंमध्येच शिरली होती. ते स्नायू काढण्यावाचून इलाज नव्हता. रोबोट असो, दुर्बीण असो, पिशवी कायमचीच. हे ऐकून दादांनी एकच विचारले, "आठ महिने आधी आलो असतो तर?" सर्जन थोडे थांबले. म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. पण कदाचित ती स्नायूंपर्यंत पोहोचली नसती."

मित्रहो, हे उत्तर आम्ही विसरू शकत नाही. आम्ही रात्रभर रोबोट की लॅप्रोस्कोपी याचा हिशेब करीत होतो, आणि खरा तोटा तर त्या आठ महिन्यांतच होऊन गेला होता. तो भरून काढणारे यंत्र अजून निघालेले नाही.

दादांना आधी किरणोपचार दिले, ज्याला आपल्याकडे 'लाईट देणे' म्हणतात. सोबत गोळ्या दिल्या. मग काही आठवडे थांबून २०२२ च्या दिवाळीनंतर लॅप्रोस्कोपीने ऑपरेशन झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ते झाले. जमीन राहिली, बोरमाळही राहिली. आज दादा हिंडते-फिरते आहेत आणि नेमाने तपासणीला जातात.

म्हणून कोणावर ही वेळ आली, तर सर्जनला पुढील गोष्टी विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. गाठ किती खाली आहे आणि एमआरआय काय सांगतो? ऑपरेशनआधी किरणोपचार किंवा केमो लागेल का? पिशवी लागेल का, आणि लागली तर काही महिन्यांची की कायमची? आपण स्वतः अशी ऑपरेशने वर्षाला किती करता आणि कोणत्या पद्धतीने? रोबोट सुचवीत असाल, तर माझ्या गाठीच्या बाबतीत त्याचा नेमका फायदा कोणता? आणि सगळा खर्च लेखी मिळेल का, योजनेत काय बसते? या प्रश्नांची शांतपणे उत्तरे देणारा सर्जन भेटला, तर निम्मे काम झाले. योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. २०२४ पासून फुले योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढले आहे.

आणि त्याही आधी, शौचातून रक्त पडले, दोन-तीन आठवडे शौचाची सवय बदललेली राहिली, जाऊन आल्यावरही पोट मोकळे वाटेना, कारण नसताना वजन उतरले किंवा अंगातले रक्त कमी झाले, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. ती मूळव्याधच निघाली, तर आनंदच आहे. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

शेवटी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. ऑपरेशननंतर दादा वर्षभर विहारात आले नाहीत. पिशवीचा वास येईल, वंदनेच्या वेळी आवाज होईल, पोरे हसतील, ही भीती. ज्या समाजाने शतकानुशतके 'लांब राहा' हे शब्द ऐकले, त्याच समाजातला माणूस आपल्याच विहारापासून आपण होऊन लांब राहिला. त्याला कोणी येऊ नको म्हटले नव्हते. पण ये असेही कोणी म्हटले नव्हते, आणि त्यात आम्हीही आलो.

पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले, की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. ही कथा आपण दर वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जातो.

यंदा ती ऐकून घरी न जाता तीन कामे करावीत, अशी मंडळाला विनंती आहे. वर्षातून एक दिवस डॉक्टरांना बोलावून चाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र, खाजगी सल्ल्याची सोय करावी. मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक रुग्णासोबत लिहिता-वाचता येणारा एक कार्यकर्ता द्यावा. कागदपत्रांचे काम आम्ही स्वतः करू. आणि पिशव्यांसाठी लहानसा निधी ठेवावा, कारण ऑपरेशन योजनेत झाले तरी पिशवीचा खर्च पुढे चालूच राहतो. त्या निधीत पहिली भर आमच्याकडून घ्यावी.

दादा आज आलेले आहेत. दाराजवळच्या खुर्चीवर बसले आहेत, उठून जाता यावे म्हणून. हे सारे सांगायला त्यांनीच परवानगी दिली. भाषण संपल्यावर त्यांच्याशी बोला. आजाराबद्दल नाही बोललात तरी चालेल. बांधकामाबद्दल बोला, पावसाबद्दल बोला.

 नमो बुद्धाय. जयभीम.